दारावर गुंडा, आत या लैली

गुंडानं वीरधवलचं डोकं तिकीटखिडकीच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा आत इजिप्तचा गवई डोळे मिटून रात्रीला हाक मारत होता.

हाक लांबली होती. 'या लैली' एवढ्या दोन शब्दांवर गवई केव्हाचा बसला होता आणि उठायचं चिन्ह नव्हतं. मध्यंतर झालं असावं असं समजून वीरधवल बाहेर आला. दाराशी उभ्या गुंडाकडं त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गवयाच्याच सुरात, हात पसरून, "या लीलाऽ" असं आळवलं. पुढची ओळ त्याला गाता आली नाही. चौकट सागवानी होती. तिला काही झालं नाही.

या म्हणजे हे, लैल म्हणजे रात्र, अरबी गवई मूळ गाण्याआधी रात्रीला आळवतो, असं राजनंदिनीनं सुरुवातीलाच माइकवर सांगितलं होतं. पण माइक तिच्या पहिल्या वाक्यानंतर गेला आणि शेवटच्या वाक्याला आला, त्यामुळे सांगलीकरांच्या वाट्याला 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' एवढंच आलं. मधला अर्थ ज्यानं त्यानं लावला. आमच्याकडं 'या' म्हणजे या. पाहुण्याला म्हणतात, तलाठ्याला म्हणतात, व्याह्याला तर म्हणावंच लागतं. बायकोला कुणी म्हणत नाही. आणि लीला म्हणजे गुंडाची लीलाबाई, जी कान फुटल्यावर माहेरी निघून गेली ती दोन वर्षं आलेली नाही, हे प्रेक्षागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. उरलेल्या निम्म्यांना गवयाच्या हाकेदरम्यान कळलं. अख्खं नाट्यगृह माना वळवून दाराकडं बघत होतं, आणि गवयाला वाटत होतं की ही इथली दाद द्यायची रीत असावी.

हा सगळा हंगाम लालासाहेबांचा. लालासाहेब दूधसंघाचे अध्यक्ष. त्यांची सून राजनंदिनी स्पेनमध्ये शिकून आली आणि येताना संगीताची आवड घेऊन आली. सुनेला माहेरी जाऊ द्यायचं नसेल तर तिचं मन रमवलं पाहिजे, या विचारानं लालासाहेबांनी हिवाळाभर अरबी आणि स्पॅनिश मैफली लावल्या. प्रवेश मोफत. तरी खुर्च्या भरेनात, म्हणून दूध उत्पादक सभासदांना टेम्पोतून आणलं जाई. पहिल्या मैफलीत स्पेनच्या बाईनं नाचता नाचता टाचेनं रंगमंचाची फळी फोडली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी अंगात आलंय असं समजून हात जोडले. एकीनं आपली म्हैस गाभण का राहत नाही, तेही विचारून घेतलं. बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली. म्हैस पुढं गाभण राहिली म्हणतात.

गुंडा या हंगामाचा दारवान. संघाच्या दप्तरी त्याचा हुद्दा 'प्रेक्षक समन्वयक' असा होता. गुंडा हे आमच्या भागात सरळ नाव आहे. आजोबाचं नाव नातवाला येतं आणि कुणाला काही वाटत नाही. बाहेरून बदलून आलेला फौजदार तेवढा दचकतो. गुंडाला बघून मात्र त्याची खात्री पटते. तालमीत दोन्ही कान मोडलेले, मान नाहीच, आणि हात असे की नमस्कार केला तरी समोरचा मागं सरावा. लालासाहेबांनी ते हात आधी निवडणुकीला वापरले आणि मग संस्कृतीला.

घरीही तेच हात होते. लीलाबाईला मारायला कारण लागायचं नाही, पण गुंडा एखादं शोधायचा. माणूस न्यायी होता. भाजी खारट झाली म्हणून मारायचा आणि अळणी झाली म्हणूनही. मूल नव्हतं, ते एक कायमचं कारण होतं. शेवटची थप्पड कानावर बसली. कानातून रक्त आलं तशी लीलाबाईनं पदर कानाला लावला, गुंडाला वाढलं, त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसली आणि सकाळच्या गाडीनं माण तालुक्यात भावाकडं गेली. तो कान परत ऐकू लागला नाही.

रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं जायचं, नाहीतर मुराळी धाडायचा, ही रीत. गुंडानं दोन्ही केलं नाही. स्वतः जाणं म्हणजे चूक कबूल करणं. आणि मुराळी म्हणून जिवाभावाचं माणूस लागतं, तर गुंडाच्या ओळखीतल्या बहुतेकांनी त्याच्याकडून कधी ना कधी मार खाल्लेला. तरी ती यावी असं त्याला वाटायचं. तालमीतून आल्यावर तो दाराची कडी वाजवायचा आणि मग आत कुणी नाही हे आठवून स्वतःच कुलूप काढायचा. हे शेजाऱ्यांनी पाहिलं होतं, पण त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तर वीरधवल खाली पडला. मैफल संपली तेव्हा गवई बाहेर आला आणि त्यानं फरशीवरचं रक्त पाहिलं. सामी त्याचं नाव, पन्नाशीचा, गोरापान, मऊ माणूस. त्यानं राजनंदिनीला काय झालं म्हणून विचारलं. तिनं जमेल तसं सांगितलं. सामीनं छातीवर हात ठेवला. त्याच्या आजोबांच्या काळी गाणं ऐकून लोक अंगावरचे कपडे फाडून घेत असत, हे त्यानं ऐकलं होतं. डोकं फोडून घेणारा श्रोता त्याला प्रथमच भेटत होता. तो भारावला. पुढच्या खेपेला आणखी लांबवीन, असं त्यानं वचन दिलं.

वीरधवलला टाके पडले. लालासाहेबांनी प्रकरण मिटवलं, म्हणजे संघाला दूध घालणाऱ्या वीरधवलच्या बापाला बोलावून चहा पाजला आणि त्याच्या दुधाची फॅट यापुढं नीट लागेल असं सांगितलं. वीरधवलला स्वतःला कुणी चहा पाजला नाही. ही चूक पुढं महागात पडली.

इकडं लीलाबाईची हकीगत कळल्यापासून राजनंदिनीला झोप नव्हती. शेवटच्या मैफलीत अरबी आणि स्पॅनिश कलाकार एकत्र येणार होते. ती मैफल लीलाबाईला अर्पण करायची, तिला समोर बसवून सामीनं गायचं, असं तिनं ठरवलं. लालासाहेबांना ही कल्पना पेपरात येण्यासारखी वाटली. त्यांनी गुंडाला बोलावलं.

"बायको पुढच्या सोफ्यावर पायजे. कशी आणायची ते तू बघ," ते म्हणाले. "फक्त हात लावू नको. फोटो काढायचेत."

गुंडानं मान डोलावली. मनातून तो हलका झाला होता. आता जाणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हतं, अध्यक्षांचा आदेश होता.

संघाची जीप घेऊन तो दहिवडीच्या पुढं गेला. लीलाबाईचा भाऊ नाथाजी मेंढरं वाड्यात कोंडत होता. त्यानं गुंडाला पाहिलं आणि हातातली काठी त्याच्या नडगीवर घातली. मग पाठीवर. मग खांद्यावर. नाथाजी अंगानं काटकुळा, गुंडानं नुसती कूस बदलली असती तरी तो वाड्यापलीकडं पडला असता. पण गुंडानं दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवले होते. मेंढरं बावरून एका कोपऱ्यात दाटली. काठी मोडली तेव्हा नाथाजी धापा टाकत खाली बसला आणि रडू लागला.

लीलाबाई दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. ती मध्ये पडली नव्हती.

गुंडा तिच्याकडं वळला. बरंच काही बोलायचं ठरवून तो आला होता. ते वाटेत सांडलं असावं.

"लीलाबाई," तो म्हणाला, "या."

लीलाबाईनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"कुनाला म्हनताय?"

"तुमास्नी."

तिनं मोडक्या काठीकडं पाहिलं. मग म्हणाली, "डोस्क्याला लागलं न्हवं काठीचं?"

त्यानं महोत्सवाचं सांगितलं. सांगलीत सगळी आपलं नाव घेत्यात हे तिच्या कानावर, म्हणजे उरलेल्या कानावर, आधीच आलं होतं. कोण हा बाबा आपल्या नावानं गळा काढतो ते बघायची तिला इच्छा होती. "ऐकाय येते," ती म्हणाली. "ऱ्हायाचं मागनं बघू." गुंडाला यातलं 'येते' एवढंच ऐकू आलं.

शेवटच्या मैफलीला लीलाबाई लालासाहेबांच्या शेजारी सोफ्यावर बसली. राजनंदिनीनं तिला शाल आणि नारळ दिला. कशाबद्दल ते माइकवर सांगितलं, पण माइक गेलेला होता. फोटो झाले. सामी तिच्याकडं बघून वाकला आणि गाऊ लागला. लीलाबाईनं चांगला कान पुढं करून ऐकलं. थोड्या वेळानं ती लालासाहेबांना म्हणाली, "आवं, ह्येचं कोन गेलंय?"

कुणी गेलेलं नाही, असं लालासाहेब म्हणाले.

"मग एवडं?"

त्याच वेळी वीरधवल चार पोरं घेऊन फाटकातून आत आला. हातात हॉकी स्टिका होत्या. आमच्या जिल्ह्यात हॉकी कुणी खेळत नाही, पण स्टिका प्रत्येक दुकानात मिळतात. गुंडानं त्यांना येताना पाहिलं. पाचही जणांना त्यानं आयुष्यात कधी तरी मारलं होतं, त्यामुळे ओळख द्यायची गरज नव्हती. आज आत लीला बसलीय, एवढंच तो म्हणाला. वीरधवल म्हणाला की मग आज गाऊनच दाखवतो, आणि पहिली काठी गुडघ्यावर बसली.

गुंडानं हात पाठीमागं अडकवले. माणमध्ये जमलं होतं, इथंही जमलं. एकानं हात सोडवून पुढं ओढला आणि दुसऱ्यानं त्यावर स्टिक मारली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज झाला. फासळ्यांचा आवाज वेगळा झाला. तोंडातून दातासकट रक्त आलं. आत नेमकी स्पेनची बाई उठली होती आणि नव्या फळीवर टाचा आपटत होती. बाहेरचा ठेका आणि आतला ठेका असा काही जुळून आला की प्रेक्षकांनी हंगामात पहिल्यांदाच एकदिलानं टाळ्यांची साथ धरली. ही मैफल सर्वांत रंगली यावर आजही सांगलीत एकमत आहे.

उठून बाहेर आली ती एकटी लीलाबाई. मार बसल्याचा आवाज तिला एका कानानंही ओळखता येत होता.

ती पायरीवर उभी राहिली. अंगावर शाल तशीच होती. पोरं थांबली.

"बास करा," ती म्हणाली. "मेला तर पुन्यांदा शाल द्यायला बोलवतील मला."

वीरधवलनं काठी खाली केली. जाताना त्यानं चुकून तिला नमस्कारही केला.

सरकारी दवाखान्यात लीलाबाई गुंडाच्या खाटेजवळ राहिली. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिनं त्याला भात भरवला, तोंड पुसलं, पाठीला तेल लावलं. लालासाहेब भेटायला आले आणि महोत्सव पुढच्या वर्षीही करायचा असं ठरल्याचं सांगून गेले. गुंडाला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. घर झाडून घ्यायला लागेल, ती म्हणेल तसा ओटा करून घेऊ, असं तो पडल्या पडल्या ठरवत होता. सोडायच्या दिवशी सकाळी त्यानं धीर केला.

"बघितलंस न्हवं," तो म्हणाला. "बोटसुदिक उचललं न्हाई मी. नाथाजीवर न्हाई, त्या पोरांवर न्हाई. आता कवाच न्हाई उचलनार."

लीलाबाई त्याच्या चांगल्या हाताची नखं काढत होती.

"बघितलं की," ती म्हणाली. "हाडं मोडुस्तवर दम धरला तुमी. लय झालं." मग तिनं करंगळीचं नख काढलं. "मला वाटायचं, ह्या मानसाला हात आवरतच न्हाई, तर काय करंल बिचारा. इतकी वर्सं त्याच्यावरच काडली मी. पर जमतंय की तुमास्नी."

गुंडाला हे कौतुक वाटलं. पैलवानाला डाव बसल्यावर कळतो, त्याआधी नाही.

"मग जमत व्हतं, तर माझ्यापाशी का न्हाई जमलं?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मग नखं कागदात गोळा करून बाहेर टाकायला गेली.

दुपारी सांगलीच्या स्टँडवर दहिवडीची गाडी लागलेली होती. गुंडा लंगडत तिच्यामागं आत चढला आणि डाव्या हातानं पिशवी वर फळीवर ठेवायला लागला. ती दोनदा खाली आली. तिसऱ्यांदा बसली. शाल लीलाबाईनं पायाशी घातली होती. फलाटावरच्या बाया तिच्याकडं बोट दाखवून, हीच ती गाण्यातली, असं एकमेकींना सांगत होत्या.

कंडक्टर आला. "कुठं?"

"दहिवडी. एक."

कंडक्टरनं प्लास्टरवाल्या धिप्पाड माणसाकडं पाहिलं. "आन ह्यांचं?"

"त्यांचं नगं," लीलाबाई म्हणाली. "ते सोडाय आल्यात."

गुंडा खाली उतरला. गाडी मागं घ्यायची होती. कंडक्टरनं शिट्टी वाजवली, तसा तो बाजूला झाला आणि ड्रायव्हरला वळायला आणखी जागा हवी असावी, असं पाहून अजून थोडा मागं सरला.