प्रत्येकी पाव आटा

"मिस्त्रींचा हात लागला की गाडी शिट्ट्या मारायला लागते हल्ली," फोटोग्राफर हेल्मेटातल्या हेल्मेटात पुटपुटला.

मिस्त्री तिथेच, त्याच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. गिऱ्हाइकाचं तोंड आणि मिस्त्रींचा कान यांत हातभरसुद्धा अंतर नव्हतं. पण मिस्त्री आपले फडक्याला हात पुसत उठले आणि समाधानाने म्हणाले, "बघा, कशी गप्प झाली." फोटोग्राफरने मिस्त्रीणबाईंकडे पाहिलं. मिस्त्रीणबाईंनी हातातल्या चहाच्या कपात पाहिलं. गाडी कुईं करत कोपऱ्यावरून वळली आणि बराच वेळ ऐकू येत राहिली. मिस्त्रींना सोडून सगळ्यांना.

बहुतेक मोटरसायकलींना साखळी असते. ती खडखडते, तेल मागते, पँटीला डाग पाडते. काही गाड्यांना मात्र साखळीच्या जागी दातेरी रबरी पट्टा असतो, आणि लोक तसली गाडी घेतात ती मुळी शांततेसाठीच. पण पट्टा लाडावलेल्या जावयासारखा असतो. सैल सोडला तर फटफट आपटतो, आणि फारच सैल सुटला तर चाकाचे दात सोडून उडी मारतो. जास्त आवळला तर बारीक आवाजात कुरकुरतो आणि आतली बेअरिंगं खाऊन टाकतो. मधली जागा सापडायला हवी. मागच्या चाकाचा मोठा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे बोल्ट आट्याआट्याने, म्हणजे फेरा मोजत, सारखे फिरवायचे, चाक केसभर मागेपुढे सरकवायचं, की झालं. सांगायला सोपं.

ती जागा मिस्त्री कानाने शोधत. अंगठ्याने पट्टा दाबत, एक टिचकी मारत, डोकं कलतं करून ऐकत. "बोलतोय अजून," म्हणत, आणि थोडा आवळत. पट्टा बोलायचा थांबला की काम झालं. लेकीने ताण मोजायचा काटा आणून दिला होता. तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असे आणि मिस्त्री त्यावर टोपी अडकवत. "कान असताना काटा कशाला?" लांबलांबचे लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणूनच ओळखत. लग्नानंतर मिस्त्रीणीला त्या नावाची लाज वाटायची, मग सवय झाली, मग अभिमान.

आणि आता हे. जाड आवाज मिस्त्रींपर्यंत पोचत, बारीक आवाज वाटेतच कुठेतरी बसून राहत. पट्ट्याची फटफट त्यांना ऐकू येई, म्हणून ते आवळत. फटफट थांबून कुईं सुरू झाली की त्यांच्या लेखी पट्टा गप्प. वर खात्रीसाठी आणखी थोडा आवळून ठेवत. दाराची बेल वाजे तेव्हा मिस्त्रीण आपली उठून जाई आणि म्हणे, "कोणीतरी आल्यासारखं वाटलं." घरातले सगळेच मोठ्याने बोलायला लागले होते, आणि का, ते कुणीच कुणाला विचारत नव्हतं. भांडणाशिवाय भांडणाचा आवाज. शेजारणीने एकदा काळजीने चौकशीसुद्धा केली.

सांगायचं कसं? गवयाला सांगावं का, की तुमचा गळा गेला? मिस्त्रीणीने दोनदा मनाशी जुळवाजुळव केली होती. दोन्ही वेळा ते समोर बसून टिचकी मारत, डोकं कलतं करून, असे काही तल्लीन झालेले दिसले की ती म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर होतं का?"

त्या दिवशी गॅरेजात लेकीची गाडी उभी होती. लेक नर्स. तिला डोंगरावरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, आणि घाटाच्या वळणांवरून घरोघरी जाऊन पेशंट बघायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघणार होती. गाडी मिस्त्रींनी स्वतः जुनी घेऊन नवी केली होती. इंजिन खोललं, ब्रेक बदलले, सीटला नवं कापड घातलं. सगळ्यात शेवटी सकाळी पट्टा लावला. टिचकी, कान, आवळ. टिचकी, कान, आवळ. मग गल्लीतून एक चक्कर मारली. गाडी एखाद्या मांजरीची शेपटी पायाखाली यावी तशी ओरडत गेली आणि ओरडत आली.

"लोणी," मिस्त्री उतरत म्हणाले.

"लोणीच," मिस्त्रीणीचा धाकटा भाऊ म्हणाला. तोही याच गॅरेजात काम करायचा.

"छान झालीय, बाबा," लेक म्हणाली, आणि पायात काहीतरी टोचल्यासारखी खाली बघायला लागली.

जेवणं झाली. मिस्त्री जरा आडवे झाले. भाऊ म्हणाला, पाना जागेवर ठेवायचा राहिलाय, आणि गॅरेजात जाऊन आला. थोड्या वेळाने लेक म्हणाली, माझे हातमोजे खाली राहिलेत वाटतं, आणि तीही जाऊन आली. मिस्त्रीण भांडी घासत होती. तिच्या कानात ती कुईं अजून वाजत होती. घाटात बेअरिंग गेलं तर? एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि मध्ये पोर. तिने हात पुसले आणि ती खाली उतरली.

इतकी वर्षं बघून बघून तिला तेवढं जमत होतं. नट सोडवायला तिला वाटला होता तेवढा जोर लागला नाही. मिस्त्रींचे नट असे असत की सोडवताना देव आठवावा. वय झालं आता, असं म्हणून ती हळहळली. दोन्ही बाजूंचे बोल्ट तिने पाव पाव आटा मागे घेतले, नट होता होईल तेवढा आवळला, आणि कुणी बघत नाही ना, हे बघून वर आली. दाबून बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. अंगठ्याची भाषा तिला येत नव्हती.

उन्हं उतरल्यावर मिस्त्री लेकीला म्हणाले, "चल, मागे बस. तुझा बाप काय करतो ते बघ."

दोघं गेली ती गाडीवर बसून, आली ती गाडी ढकलत. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. चढावर मिस्त्रींनी वेग घेतला आणि पट्टा फटफट आपटायला लागला. मग कडाकड दात सोडून सरकला, आणि गाडी एकदम ओढच हरवून बसली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने वेळेवर बाजूला घेतला, एवढंच.

मिस्त्री स्टुलावर बसले. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, की पाना आपटला नाही. त्याचीच मिस्त्रीणीला भीती वाटली.

"सकाळी मी आवळला होता," ते म्हणाले. "आवळला होता ना, मेव्हणे?"

"हो, दाजी."

"मला आठवतंय तसं. पण पट्टा तर लोंबतोय. नटही धड आवळलेला नाही." त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "की मी आवळलाच नाही, आणि नुसतं वाटलं आवळल्यासारखं? डोक्याचेच आटे ढिले झाले म्हणायचे."

हा विनोद होता. कुणी हसलं नाही.

"वडिलांचं असंच सुरू झालं होतं," मिस्त्री म्हणाले. "आधी दाराला कुलूप लावलं की नाही, तेवढंच विसरायचे. शेवटी मलाच विचारायचे, आपण कोण?" ते उठले आणि एकेक पाना भिंतीवर अडकवू लागले. सावकाश, ओळीने, गावाला जायच्या आधी घर आवरावं तसे. "उद्यापासून गिऱ्हाइकाच्या गाडीला मी हात लावणार नाही. मेव्हणे, गॅरेज तुम्ही बघा. आणि तू," ते लेकीला म्हणाले, "बसने जा. या गाडीवर नको."

"बाबा, तुम्ही आवळला होता," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "आवळला होता तुम्ही. मी दुपारी पाव आटा सैल केला."

"तू?" भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, मी केला होता ना पाव आटा."

"मामा, तू पण?"

"मी नेहमीच करतो. सगळ्या गाड्यांचा. दाजी जेवायला गेले की." एवढं बोलून त्याने जीभ चावली. "तो फोटोग्राफर तेवढा थांबला नाही, म्हणून त्याची राहिली."

मिस्त्रीणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिसरा पाव माझा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. एकेकाकडे बघत त्यांनी तिघांवर नजर फिरवली. आपलं डोकं शाबूत आहे, हे समजल्याचा हलकेपणा त्यांच्या चेहऱ्यावर आला, पण टिकला नाही. त्याच्या मागोमाग दुसरंच काही तरी आलं.

"का पण?" त्यांनी विचारलं. "पट्टा तर गप्प होता."

भावाने खाकरून घसा साफ केला. "रबर आहे हो, दाजी. तापलं की ताणतं. हवेचं पण असतं—"

"तिघांनी, न सांगता, एकच काम केलंत. का, एवढंच विचारतोय मी."

लेक आईकडे बघायला लागली. भाऊही. मिस्त्रीणीला वाटलं, दाराची बेल वाजावी आता. पण वाजली तरी ती तिलाच ऐकू येणार होती.

तिने दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी बसली. कित्येक महिने ती नवऱ्याशी ओरडून बोलत होती. आज तिने आवाज चढवला नाही. एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "अहो, पट्टा गप्प नव्हता. सकाळी अख्ख्या गल्लीने ऐकला. तुम्हाला ऐकू येत नाही."