मागच्या खोलीतलं झाड

आमची मागची खोली म्हणजे शुद्ध फ्रिज! उत्तरेची खिडकी, समोर शेजाऱ्यांची भिंत, ऊन म्हणून मेलं कधी फिरकत नाही. पण वन्संना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, म्हणून खालची तीच खोली त्यांना द्यावी लागली.

वन्सं म्हणजे बकुळाताई, आमच्या ह्यांची मोठी बहीण. कुक्षीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, यजमान गेल्यावर तिथेच एकट्या राहिल्या. दिवाळीनंतर न्हाणीघरात पडल्या आणि चार तास कुणाला पत्ता नाही. मग आम्ही जाऊन त्यांना देवासला उचलूनच आणलं. सोबत एक पेटी, एक पितळी बाळकृष्ण आणि कुंडीतली तुळस. त्या खोलीत तुळस महिन्यात वाळली.

"सुनेत्रा, इथे काही जगायचं नाही गं," वन्सं म्हणाल्या. "संक्रांत झाली की मी जाते कुक्षीला."

माझं डोकंच फिरलं. एकट्या जाणार? परत पडल्या तर? पण गोड बोलणं माझ्या जिभेला कुठलं जमायला! तशीच तणतणत नर्सरीत गेले, तिथल्या माळ्याला म्हटलं,

"भिया, ठंडा कमरा है, धूप बिल्कुल नहीं. ऐसा पौधा दो जो मरे नहीं."

त्याने जाड, चकचकीत पानांचं एक झाड पुढे केलं. झेडझेड म्हणतात म्हणे. "आंटी, ये अंधेरे में भी चल जाएगा. बस पानी मत पिलाना. ठंड में महीने में एक बार, वो भी मिट्टी सूखी हो तो."

घरी येऊन मी सगळ्यांना बजावलं. ह्यांनी पेपरातून मान हलवली. वन्संना झाड आवडलं, तोंडाने कबूल केलं नाही एवढंच. गार काच लागू नये म्हणून कुंडी खिडकीपासून हातभर आत घेतली, ओल्या फडक्याने पानं पुसायला लागल्या. मला वाटलं, चला, जमलं!

कुठलं जमतंय! तीन आठवड्यांत पानं पिवळी. बोट घातलं तर मातीचा नुसता चिखल, वर चंदन आणि चार अक्षता. देवांच्या स्नानाचं पाणी आमच्यात मोरीत ओतत नाहीत, झाडाच्या बुडाशी घालतात. आणि बाळकृष्णाला रोज अंघोळ कोण घालतं? वन्सं!

"अहो, एवढं सांगितलं होतं ना!" मी ओरडलेच. "मास्तरीण होता ना तुम्ही? मारलंत ना झाड!"

वन्संनी खाली वाकून पेटी ओढली आणि लुगडी भरायला लागल्या. "उद्याची बस बघ," एवढंच म्हणाल्या.

रात्रभर मला डोळा लागला नाही. सकाळी चहा घेऊन गेले, तर दारातच थबकले. वन्सं पाठमोऱ्या, पांघरूण ओढून निजलेल्या. आणि आमचे हे, सोवळं नेसलेले, हातात देवांचं ताम्हन, कुंडीत पाणी ओततायत!

"अहो!"

हे दचकले. "अगं, हळू बोल. कोमेजलंय म्हणून घालतो थोडं रोज. हे जगलं तर ताई राहील."

वन्सं उठून बसल्या. "माझ्या बाळकृष्णाचं पाणी मी फाटकाबाहेरच्या कडुलिंबाला घालते," त्या म्हणाल्या.

असला गुडघा घेऊन, रोज! "मग काल बोलला का नाहीत?"

"त्याला बोलली असतीस ना."

मला रडूच आलं. पाय धरले त्यांचे. "चुकलं हो वन्सं. कधीमधी अर्धा पेला मीही घालत होते."

वन्सं हसल्याच. पेपर पसरायला लावून त्यांनी झाड कुंडीतून काढलं. खाली लहान बटाट्यांसारखे कंद होते. मऊ पडलेले कापून टाकले, दोनच घट्ट निघाले. "दोन दिवस सुकू दे. मग कोरड्या मातीत लावू, निम्मी रेती घालून. आणि पाणी मी सांगेन तेव्हा."

"बरं," आम्ही दोघं एका सुरात.

"तुम्ही माझंही असंच करता," हात पुसत त्या म्हणाल्या. "चहा ठेवता, गोळी ठेवता, आणखी एक पांघरूण ठेवता आणि पळता. बसत कुणी नाही गं इथे. कुक्षीत निदान शेजारीण येऊन बसायची."

मी कॉटवर त्यांच्याशेजारी बसले.

"बसचं काय करू?" मी भीत भीत विचारलं.

"हे रुजायला तीन-चार महिने लागतील. तुमच्या भरवशावर टाकून जाऊ होय?"

हे लगेच पेटी उचलून माळ्यावर ठेवायला गेले. मी तिथेच बसून राहिले, चहा गार होईपर्यंत.