पद्मावतीचा फोन

पद्मावतीने फोन आणि कॉम्प्युटर एकाच मेजावर शेजारी शेजारी ठेवले, निवृत्तीच्या दिवशी शाळेने भेट दिलेलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि दोन्हींवर एकच व्हिडिओ एकाच क्षणी सुरू केला. फोनवरचा माणूस लगेच बोलू लागला. कॉम्प्युटरवरचा तोंड उघडून तसाच थांबला. त्याच्या कपाळावर एक पांढरं वर्तुळ गरगरत राहिलं.

"सत्तावीस सेकंद," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं.

वहीच्या पहिल्या पानावर 'उद्देश' लिहून तिने खाली पट्टीने रेघ मारली होती. एकाच घरात, एकाच वायफायवर फोन धावतो आणि कॉम्प्युटर रांगतो, याचं कारण शोधणे. मुदत चार वाजेपर्यंत. चार वाजता फोंड्याच्या एका शिकवणीवर्गाचे चालक तिचा पंधरा मिनिटांचा नमुन्याचा ऑनलाइन तास ऐकणार होते, आणि आकृत्या सगळ्या कॉम्प्युटरवर होत्या. परवाचा तास "अणू म्हणजे" इथेच गोठला होता. आणखी एक संधी देतो, असं ते म्हणाले होते. एकच.

बत्तीस वर्षं डिचोलीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून ती घरी बसली, त्याला सात महिने झाले होते. सात महिन्यांत तिला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. 'आज आमटी कसली?' हा सोडून.

"कॉम्प्युटर म्हातारो जालो गो," तिचा नवरा दत्तप्रसाद दारातून म्हणाला. तो खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाला होता आणि यंत्रांबद्दल त्याला एकूणच सहानुभूती वाटे. "माणसाचाय तसांच होतां."

"तो पाच वर्षांचा आहे."

"कुत्र्याच्या हिशोबान धर."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. पहिली गोष्ट राउटर. तो आणला त्या दिवशी दत्तप्रसादने नारळ फोडून, हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला होता. एका दिवसापुरता. पण देवासमोर ठेवलेली वस्तू उचलायची कोणी, हा प्रश्न निघाला आणि मिटलाच नाही. तेव्हापासून तो समईच्या आणि तांब्याच्या कळशीच्या मधे बसून हिरवे डोळे मिचकावत होता.

"धातूच्या भांड्यांमागे कोण ठेवतं?" ती म्हणाली.

"गणपतीचां नाव घेवन उचल तरी."

तिने उचलला, खिडकीत ठेवला, आणि वेग पुन्हा मोजला. कॉम्प्युटर तीन एमबीपीएसवरून चारवर गेला. फोन एकेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता.

मग केबल बदलून झाली. कॉम्प्युटरवरचं विणलेलं झाकण काढून झालं. पंख्याचा काही संबंध असेल म्हणून पंखाही बंद करून झाला, आणि दोघंही घामाने निथळली. चार. चार. चार.

"आता फोन तपासते."

"फोन कित्याक?" दत्तप्रसाद एकदम पुढे आला. "फोन बरो चल्ता मगे! बऱ्या माणसाक डॉक्टराकडे कोण व्हरतां?"

पद्मावतीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. परीक्षेत मांडीखाली चिठ्ठी ठेवलेला मुलगा असाच विनाकारण बोलायला लागतो. फोन उचलून ती मागच्या बाजूला निघाली. राउटरपासून जितकं दूर जावं तितका वेग कमी व्हायला हवा. स्वयंपाकघरात तो पंचेचाळीस झाला. मागच्या पडवीत बावन्न. परसातल्या गडग्याशी, गुडघ्याएवढ्या त्या दगडी भिंतीशी, ती पोचली तेव्हा एकाहत्तर.

हे भौतिकशास्त्राला धरून नव्हतं. निरीक्षण चूक नसेल तर गृहीतक चूक असतं, हे तिने मुलांना हजार वेळा सांगितलं होतं. तिने फोनची सेटिंग उघडली आणि वायफायचं नाव आज पहिल्यांदा वाचलं. ते त्यांच्या घराचं नव्हतं. 'कमलाक्षी निवास.' गडग्यापलीकडचं घर. मोठ्या दिरांचं.

त्या घराशी पद्मावतीचं बोलणं दीड वर्षापूर्वीच्या चवथीला बंद झालं होतं. गणपतीच्या डोक्यावर छताला बांधलेल्या माटोळीच्या चौकटीत इतर रानफळांबरोबर एक लालभडक कवंडळ लोंबत होतं. ते विषारी असतं, खाली लहान मुलं खेळताहेत, असं सांगून तिने आरतीच्या आधी सगळ्या पाहुण्यांदेखत ते ओढून काढलं. माटोळीचा एक कोपरा कलंडला. "आमच्या देवाकय आता हिच्या प्रयोगशाळेची परवानगी होयी," मोठी जाऊ कमलाक्षी म्हणाली. तेवढंच. पुढच्या चवथीला पद्मावती गेली, मूर्तीला नमस्कार केला आणि जमिनीकडे बघत परत आली.

"हा फोन तुम्ही डिचोलीच्या दुकानात चालू करून आणला होता," ती म्हणाली. दत्तप्रसाद पडवीच्या खांबाला टेकून उभा होता.

"दुकान बंद होतां."

"मग?"

"दादाच्या सर्वेशान केलो चालू. त्यांच्या ओसरीर बसान. त्यानच घातलो आसतलो पासवर्ड." तो थांबला. "कपभर च्या सुद्धा घेतलो मी. आता सगळांच सांगतंय."

"एकदाच?"

दत्तप्रसादने खांबावरचा चुना नखाने खरवडायला घेतला.

पद्मावतीने पुन्हा फोनकडे पाहिलं. सात महिने ती ज्यावर बातम्या बघत होती, गणितं सोडवत होती, ते सगळं न विचारता घेतलेलं होतं. तिने त्या नावावर बोट ठेवलं. 'हे नेटवर्क विसरा?' फोनने विचारलं. तिने हो म्हटलं. पुन्हा वेग मोजला. चार.

'निष्कर्ष,' तिने वहीत लिहिलं. 'कॉम्प्युटर निर्दोष आहे.' घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. तास आजही गोठणार होता, पण कारण तरी कळलं होतं. फोंड्याला तसं कळवावं म्हणून ती शब्द जुळवू लागली.

"गो पद्मा!"

आवाज गडग्यावरून आला. कमलाक्षी पलीकडे उभी होती, एका हातात भेंड्या, दुसऱ्या हातात फोन. ती बहुधा घाईघाईने आली होती. पायात चप्पल नव्हती.

"बरी आसस मगे?"

पद्मावतीला क्षणभर कळेना, हा प्रश्न आहे की टोमणा. "बरी आहे. का?"

"तुझां नाव गेलां." कमलाक्षीने फोन पुढे धरला. "आमच्या वायफायर कोण कोण आसा तां हातूंत दिसतां. सर्वेशान दाखवन दिलेलां. तूं सगळ्यात वयर असतंस. आता बघलंय तर नाय. म्हटलां, पडलं काय खंय."

यादीत सर्वेशचा फोन होता, टीव्ही होता. पद्मावतीने चष्मा सारखा केला.

"कधीपासून दिसतं?"

"तुवें फोन घेतलंस तेव्हाधरून. मागे तीन दिस नाय दिसलंस तेव्हा दत्तूक विचारलंय. तो म्हणालो, भयणीगेर गेली."

खांबाचा चुना आणखी थोडा खाली पडला.

"काढून टाकता येतं ना, वयनी? एखाद्याला?"

"येतां. एक बटन दामूक व्हयां."

"मग?"

कमलाक्षीने भेंड्यांकडे बघितलं. एका भेंडीचं टोक मोडून पाहिलं, कोवळी होती. "बटन दामल्यार कळतलां कसां," ती म्हणाली, "तूं घरात आसस काय नाय तां?"

मग पद्मावतीने तासाबद्दल सांगितलं, थोडक्यात, प्रयोगाच्या नोंदीसारखं. पासवर्ड कमलाक्षीला पाठ नव्हता. तो राउटरच्या बुडाला चिकटवला होता.

"ये, बघ."

पद्मावती वही घेऊन गडगा ओलांडून गेली. राउटर माटोळीच्या लाकडी चौकटीला सुतळीने बांधला होता. चवथ सरली तरी ती चौकट वर्षभर छताला तशीच असे.

"सर्वेश म्हणालो, मेजार ठेव. मी म्हटलां, नको," कमलाक्षी वर बघत म्हणाली. "ल्हान भुरग्यांचो हात पोचूक नये अशी वस्तू उंच बरी."

पद्मावतीने मान हलवली. ती स्टुलावर चढली, कमलाक्षीने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि पद्मावतीने वरून एकेक अक्षर मोठ्याने वाचत वहीत उतरवलं.

घरी येऊन तिने पासवर्ड फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये टाकला, आणि चारला पाच मिनिटं कमी असताना कॉम्प्युटरने अडतीस दाखवले. चार वाजता फोंड्याची तीन माणसं पडद्यावर आली, हलत, बोलत, पापण्या मिटत. "अणू म्हणजे," पद्मावतीने सुरुवात केली, आणि वाक्य पुरं झालं.

सातव्या मिनिटाला परसातून हाक आली, दोन्ही घरं ऐकतील अशी.

"गो पद्मा! आता तुझीं दोन-दोन नावां दिसतंत गो!"

पडद्यावरच्या मधल्या माणसाने भुवया वर केल्या. "टीचर, मागून कसला तरी आवाज येतोय. कोण आहे?"

शिकवताना कोणी विचारलेला, सात महिन्यांतला तो पहिला प्रश्न होता. माइक बंद करायच्या बटणावर गेलेलं बोट पद्मावतीने मागे घेतलं.

"माझी मोठी जाऊ," ती म्हणाली, आणि पुढची आकृती उघडली.