हाड नावाचं पिल्लू

जगातली सगळी कुत्री 'हाड' म्हटलं की पळतात. घोडपदेवच्या जाईबाईचं पिल्लू मात्र 'हाड' म्हटलं की शेपूट हलवत धावत यायचं.

आता यात त्या मुक्या जिवाचा काय दोष? त्याची आई ट्रामच्या घोड्यांखाली गेली आणि जाईबाईने ते मूठभर पिल्लू चाळीच्या जिन्याखाली आणून ठेवलं. चाळकरी कुरकुरले. चावलं तर? नळावरच्या कुत्र्यांशी भांडलं तर? पण गिरणीत राबणारी जाईबाई हट्टाला पक्की. रोज संध्याकाळी तिने त्याला दारोदार फिरवलं, म्हाताऱ्यांच्या मांडीवर ठेवलं, पोरांना त्याचे कान ओढू दिले. नळावरच्या थोराड कुत्र्यांपुढे भाकरी टाकून त्यांच्यातच त्याला बसवलं. दोन महिन्यांत ते असं माणसाळलं की परक्याच्याही पायात लोळण घेई. कुणाच्या ताटाशी गेलं की तो 'हाड' म्हणे, आणि त्याचं तोंड बघून वर माशाचं डोकंही टाके. पिल्लाला वाटलं, हेच आपलं नाव. चाळ पोट धरून हसली, आणि दुसरं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

मग भायखळ्याकडून बातमी आली. मोकाट कुत्री धरायला माणसं निघालीत, फास टाकतात, गाडीत भरतात, आणि गेलेलं कुत्रं परत येत नाही. नळावरची कुत्री बेरकी, दुरून काठी दिसली तरी पसार होतील. हे येडं फासवाल्याचेच पाय चाटेल. खोलीत कोंडलं तर दिवसभर रडून चाळ डोक्यावर घेई, आणि चाळीच्या मुकादमाने बजावलं होतं, पुन्हा आवाज आला तर बिऱ्हाड बाहेर.

तेव्हा पिल्लाला माणसाची भीती घालायची, एवढाच उपाय उरला. तिने सगळ्यांना हातापाया पडून सांगितलं, 'हाड' म्हणा आणि मारा. सगळ्यांनी माना हलवल्या, पण हात कुणाचा उचलेल तर शपथ. शेजारच्या गंगुबाईने केरसुणी उगारली आणि तशीच खाली ठेवली. खुद्द नवरा कुशाबा 'हाड, हाड' म्हणत त्याचं पोट खाजवत बसला.

"माका ह्या जमाचा नाय गो," तो म्हणाला.

म्हणजे मेलं सगळं जाईबाईच्याच गळ्यात. गिरणीतून आली की ती 'हाड' म्हणे आणि केरसुणीचा फटका घाली. पहिल्या दिवशी पिल्लाला खेळच वाटला. दुसऱ्या दिवशी तिने खडा मारला. तिसऱ्या दिवशी काठी हाणली, आणि ते केकाटलं तशी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. आठव्या दिवशी तिच्या तोंडून शब्द पुरता निघायच्या आत ते जिन्यामागे दडलं. सुटले बाई एकदाची, म्हणत तिने देवापुढे साखर ठेवली.

रविवारी भर दुपारी ती माणसं आली. नळावरची कुत्री केव्हाच पांगली होती. जाईबाई धावत खाली आली. पिल्लू फासवाल्याच्या पायाशी उताणं लोळत होतं, गळ्यात दोरी घेऊन. आठ दिवस मार खाऊन ते फक्त तिलाच भ्यायला शिकलं होतं.

ती गयावया करू लागली, माझं आहे, सोडा. चाळकऱ्यांनीही साक्ष दिली. फासवाला काही वाईट माणूस नव्हता, पण अशा साक्षी त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. त्याने दोरी सैल सोडली.

"हाक मारा बाई. तुमच्याकडे आलं तर घेऊन जा."

जाईबाई खाली बसली, हात पुढे केले. "यू यू," म्हणाली. "ये रे राजा," म्हणाली. असल्या हाका त्याने जन्मात ऐकल्या नव्हत्या. ते नुसतं तिच्या हातांकडे बघत राहिलं. गंगुबाई मागून कळवळून म्हणाली, अगो, नावाने बोलव ना त्याला.

दुसरं नाव होतं कुठे? तिने आवाज होईल तितका मऊ केला आणि म्हटलं,

"हाड."

पिल्लाने शेपूट पोटाखाली घेतली आणि ते थरथरत फासवाल्याच्या पायांमागे लपलं.

"हे तुमचं नव्हे बाई," तो म्हणाला आणि त्याने ते अलगद उचललं. पिल्लू त्याचा हात चाटू लागलं. जाईबाई तशीच हात पुढे करून बसलेली.