चौदा पहिले रविवार

बाबांच्या स्मरणसभेत वाचायचा जीवनपट मी लिहून दिला, तेव्हा चर्चच्या सेक्रेटरींना त्यातलं एकच वाक्य खटकलं. त्यांनी त्याखाली रेघ मारली, कागद माझ्याकडे फिरवला आणि पेनाला टोपण लावलं.

"बाकी सुरेख लिहिलंयस, बाळा. तू वाचणारी, लिहिणारी. पण हे नको."

वाक्य असं होतं: 'शेवटचे चौदा महिने ते घराबाहेर पडू शकले नाहीत आणि त्या काळात मंडळीतून एकदाही कोणी त्यांच्यासाठी प्रभुभोजन घेऊन आलं नाही.'

"खोटं आहे का?" मी विचारलं.

"खरं-खोटं हा प्रश्नच नाही. स्मरणसभा आहे. लोक डोळे पुसायला येतात, बोलणी खायला नाही."

चर्चच्या मागची ती लहानशी खोली मी लहानपणापासून ओळखत होते. फाटलेली गीतपुस्तकं, एक पाय लंगडा असलेलं टेबल, भिंतीवर डीकनमंडळाचा, म्हणजे चर्चच्या निवडलेल्या सेवकांचा, फोटो. फोटोत बाबा कडेला उभे होते, अर्धे चौकटीत, अर्धे चौकटीबाहेर. त्यांना मध्ये उभं राहायला कोणी सांगितलं नसणार आणि त्यांनीही विचारलं नसणार.

"त्यापेक्षा त्यांचा तो लिफ्टचा विनोद टाक की," सेक्रेटरी म्हणाले. "सहा दिवस लोकांना वर नेतो, सातव्या दिवशी वरच्याला खाली बोलावतो! काय हसायचे सगळे."

बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. हा विनोद त्यांनी एकदाच केला होता, कोणाच्या तरी लग्नात. पुढची वीस वर्षं सेक्रेटरींनी तो त्यांच्या देखत लोकांना ऐकवला आणि दर वेळी बाबा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले.

शेजारी बसलेल्या दादाने मला कोपर मारलं. "काढून टाक ना. एका वाक्याने काय बिघडतं?"

"काही बिघडत नसेल तर राहू दे."

"आणि खरं सांगायचं," सेक्रेटरी जरा पुढे वाकले, "प्रभुभोजनाचा डबा तर तुमच्याच घरी होता."

"मग न्यायला का नाही आलात?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

तो डबा बाबांनी स्वतः बनवला होता. लिफ्टच्या सुट्या भागांच्या खोक्यातला फोम कापून त्यात आठ छोटे ग्लास बसवले होते, म्हणजे जिने चढताना किणकिण होऊ नये. जे आजारपणामुळे किंवा वयामुळे चर्चला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, घेऊन जायचं, हे डीकनचं काम. डीकन सहा होते. हे काम एकतीस वर्षं एकट्या बाबांनी केलं.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे, डबा मांडीवर घट्ट धरून. आदल्या रात्री ते ब्रशने नखं घासत. ग्रीस तरीही राहायचंच, नखांच्या कडेला, काळ्या दोऱ्यासारखं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, गुडघ्यांनी घरात बसवलेल्या. त्या आधी अर्धा तास जावयाला शिव्या घालत आणि मग डोळे मिटून हात पुढे करत. बाबा सगळं ऐकून घ्यायचे. मी कंटाळून पाय हलवायला लागले की माझ्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवायचे. इकडे आई तीनतीनदा जेवण गरम करत बसलेली असे. तीन वाजता आल्यावर बाबा म्हणत, "आज भांडी माझ्याकडे." आणि खरंच घासत, गाणं म्हणत, भयंकर बेसूर.

त्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. "चांभाराच्या पायात चप्पल नसते तसं," म्हणून बाबांनी यावरही जन्मभर थट्टा केली होती. हॉस्पिटलमधून आणताना चार माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं, तेव्हा कोणी थट्टा केली नाही.

त्या महिन्याचा पहिला रविवार आला. बाबांनी सकाळीच आईला गालावरून हात फिरवून दाखवला. आईने त्यांची दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मी दोन गल्ल्या सोडून राहते. पोचले तेव्हा खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली होती. बारा वाजले. एक वाजला. जिन्यात पावलं वाजली की ते डावा हात मांडीवर उपडा ठेवत, ताठ बसत. दोन वाजता जड जिभेने म्हणाले, "काम असेल कोणाला तरी. वाढ."

पुढच्या महिन्यातही तेच. दाढी, शर्ट, खुर्ची. असं चौदा वेळा.

चर्चचे पाळकसाहेब एकदा आले होते, बाबांच्या वाढदिवसाला. केक होता, फोटो काढणारा होता. फोटो चर्चच्या ग्रुपवर गेला, खाली हात जोडल्याची चाळीस चित्रं आली. मी जिन्यात गाठून विचारलं तर पाळकसाहेब म्हणाले, "अहो ताई, आज पहिला रविवार नाही ना." मी तीनदा सेक्रेटरींना फोन केला. तिन्ही वेळा तेच उत्तर, "लक्षात आहे, या महिन्यात नक्की." तिसऱ्या फोनचं बाबांना कळलं. त्यांनी मोठ्या कष्टाने एकेक शब्द जुळवला. "ती... मागायची... गोष्ट नाही." माझ्यावर ते आयुष्यात दोनदाच चिडले, त्यातली ही दुसरी वेळ.

म्हणून ते वाक्य मी काढणार नव्हते. बाबांचं एकतीस वर्षांचं काम तिथे वाचलं जाणार आणि त्याची परतफेड काय झाली ते मात्र कोणाला कळणार नाही, हे मला सहन होत नव्हतं.

शनिवारी चर्च गच्च भरलं होतं. एकामागून एक लोक उठून बोलले. "आमचे लाडके डीकन." "हाक मारली की हजर." बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना हुंदका आवरेना. ते आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर राहतात. मी त्यांच्या हुंदक्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

माझी वेळ आली तेव्हा सेक्रेटरींनी हातात एक कागद दिला. "टाइप करून आणलंय, वाचायला सोपं." मी वाचायला लागले. जन्म, शाळा, कारखान्यातली उमेदवारी, लग्न, आम्ही दोघं. माझं वाक्य जिथे असायला हवं होतं तिथे लिफ्टचा विनोद होता.

मी कागदाची घडी घातली.

"शेवटचे चौदा महिने," मी म्हटलं, "ते घराबाहेर पडू शकले नाहीत आणि त्या काळात..."

सेक्रेटरींची मान उजवीकडे हलली आणि ऑर्गन सुरू झाला. लोक सवयीने उभे राहिले, पुस्तकं उघडली. माझा आवाज सुरांखाली गेला. मी तशीच उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर, तोंड अर्धवट उघडं.

पहिलं कडवं अजून संपलं नव्हतं, तोच आई उठली. चर्चमध्ये आईला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. प्रार्थनासुद्धा ती ओठांतल्या ओठांत म्हणते.

"थांबवा हो बाई," ती ऑर्गनवाल्या बाईंना म्हणाली. "लेकीचं बोलून झालं नाहीये अजून."

सूर मध्येच तुटला. लोक उभेच होते, बसावं की नाही ते कळत नसल्यासारखे. मी वाक्य पूर्ण केलं. दुसऱ्यांदाही म्हटलं, कारण पहिल्यांदा पुस्तकं मिटण्याचा आवाज होत होता.

मग मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनाही कोणी आणून दिलं नाही." त्या शिवणकामवाल्या बाईंच्या सूनबाई होत्या. "डीकनकाका आजारी पडल्यापासून एकदाही नाही."

"आमच्या वडिलांनाही," कोणीतरी पुरुष म्हणाला.

मी खाली येऊन बसले. माझे कान तापले होते. आठ ग्लास होते त्या डब्यात. आठही जणांची घरं मला माहीत होती. चौदा महिने मी दाराकडे तोंड केलेली एकच खुर्ची मोजत होते. उरलेल्या आठ खुर्च्या माझ्या डोक्यातसुद्धा आल्या नव्हत्या, आणि डबा आमच्या कपाटावर होता.

पाळकसाहेबांनी घाईघाईत शेवटची प्रार्थना उरकली. आम्ही पायऱ्यांवर आलो तेव्हा ते मागून आले. तरुण माणूस, कपाळावर घाम.

"मावशी, चूक झाली. मला वाटलं, कमिटीने कोणाला तरी नेमलं असेल. कमिटीला वाटलं, मी जातो. आणि ताई सोडल्या तर कोणाची तक्रारही आली नाही. आठ घरं, पण एकाचाही फोन नाही."

"कसा येईल?" आई म्हणाली. "हे करत होते ना फोन."

"कोण?" मी विचारलं.

"तुझे बाबा. पहिल्या रविवारी, तू घरी गेलीस की. साडेतीननंतर. मी नंबर लावून द्यायचे, कानाला धरायचे. आठ फोनांना दीड तास लागायचा. या महिन्यात जरा अडचण आहे म्हणायचे, पुढच्या महिन्यात नक्की कोणीतरी येईल. मग प्रार्थना करायचे. निम्मी त्या लोकांना कळतही नसेल."

"तू मला सांगितलं नाहीस?"

"तू चिडली असतीस."

मी चिडलेच. पाळकांवर, सेक्रेटरींवर, तिच्यावर आणि सगळ्यांत जास्त बाबांवर. ते स्वतः शर्ट घालून वाट बघत होते आणि ज्यांची वाट बघत होते त्यांच्यावर पांघरूण घालत होते. अर्ध्या जिभेने, महिन्याला आठ वेळा. त्यांच्या चांगुलपणाची आज आत इतकी वाखाणणी झाली, आणि त्याच चांगुलपणाच्या आड ही सगळी माणसं चौदा महिने आरामात बसली होती. हे मला त्यांना तोंडावर सांगायचं होतं. सांगायला ते राहिले नव्हते.

"पुढच्या महिन्यापासून मी जातीने..." पाळकसाहेब म्हणाले.

"लिहून घ्या," मी म्हटलं.

"अं?"

"पत्ते. आत्ता. आईला पाठ आहेत."

त्यांनी फोन काढला. आई सांगू लागली. नाव, गल्ली, मजला, कोणाची घंटा बंद आहे, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला ग्लास ओठांशी धरून द्यावा लागतो. लोक आमच्या बाजूने खाली उतरत होते. सेक्रेटरी दोन पायऱ्या वर थांबले होते, ना वर जात, ना खाली येत.

सहावं नाव सांगून आई थांबली.

"पत्ता, मावशी?"

"ते गेले. दोन महिने झाले."

पाळकसाहेबांचा अंगठा ते नाव खोडायला वळला.

"राहू द्या," मी म्हटलं.

"पण ताई, ते तर आता..."

"राहू द्या ते नाव. पुढे लिहा, 'पोचलं नाही'. आणि शेवटी नववं नाव लिहा. त्याचा पत्ता मी सांगते. तिसरा मजला, लिफ्ट नाही."