पडद्याआडचा आवाज

मी एक जुना लाकडी हातोडा आहे. मित्रांनो, तुम्ही पाहिलेल्या हातोड्यांसारखा मी नाही. माझे डोके लांब आहे, दोन्ही टोकांना लोखंडी कडी आहेत आणि लाकडात आरपार चिरा पाडलेल्या आहेत. माझे लाकूड इतके जड आहे की पाण्यात टाकले तर ते दगडासारखे तळाला जाते. म्हणून मी समुद्राला भितो. आणि माझे सारे आयुष्य समुद्राच्या काठावर गेले.

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर, विंडवर्ड गावात, आल्बन मिस्त्रीच्या वडिलांनी मला घडवले. तिथे लाकडी होड्या वाळूतच बांधतात. फळ्या बसवून झाल्या की त्यांच्या सांध्यांत कापसाचा पीळ ठासून भरावा लागतो, नाहीतर पाणी आत येते. एका हातात बोथट पटाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने माझा ठोका द्यायचा. पीळ आत बसतो. हे काम गावात पुष्कळांना येत होते. पण आल्बनच्या घरच्या होड्या कोरड्या राहत आणि इतरांच्या पाझरत.

कारण मी होतो. माझ्या चिरा उगाच पाडलेल्या नाहीत. सांधा गच्च भरला की मी खणखणतो. पिळामागे पोकळी राहिली की माझा आवाज ठप्प होतो. ही गोष्ट आल्बनच्या वडिलांनी मरताना आल्बनच्या कानात सांगितली. दुसऱ्या कुणाला सांगितली नाही.

आल्बनही तसाच वागला. सांधे भरायची वेळ आली की तो होडीभोवती जुने शीड बांधायचा आणि त्या पडद्याआड काम करायचा. शेजारी कथबर्ट नावाचा दुसरा मिस्त्री होड्या बांधायचा. तो जाता-येता टोमणा मारी, "मिस्त्री, आत होडी बांधतोस की बाळंतपण करतोस?" आल्बन आतून ठोके देत राही. गुपित बाहेर गेले तर काम जाईल, ही भीती त्याच्या मुठीतून माझ्या दांड्यात उतरायची.

एकदा कथबर्टची नवी होडी ग्रेनाडा या मोठ्या बेटाच्या वाटेवर पाण्याने भरू लागली. त्या वाटेवर किक-एम-जेनी नावाची जागा आहे. समुद्राखाली ज्वालामुखी आहे आणि पाणी कुठूनही उसळते. माणसे बादल्यांनी पाणी उपसत कशीबशी परत आली. कथबर्ट पडद्याबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझं काय चुकतं ते सांग. पोरं मरता मरता वाचलीत." आल्बन म्हणाला, "हाताचा गुण असतो." मी त्याच्या हातातच होतो. त्या दिवसापासून प्रत्येक ठप्प आवाजाला मी घाबरू लागलो.

पडद्याबाहेर आल्बनची बायको आयान्थी बसायची. स्टुलावर बसून तुरीच्या शेंगा सोलायची. ती कधी आत डोकावली नाही आणि तिने कधी काही विचारले नाही. जेवताना मात्र एखाद्या दिवशी म्हणायची, "आज उजवी बाजू चांगली बोलली." आल्बन हसायचा. शीड डोळे अडवते, कान अडवत नाही, हे त्याच्या लक्षात आले नाही.

मग त्यांच्या मुलीसाठी, व्हर्निससाठी, होडी बांधायला घेतली. तिचा नवरा मासेमारी करायचा. पाण्यात उतरवली की दोघे तीच होडी घेऊन ग्रेनाडाला जाणार होते. पोटातले बाळ तिथल्या दवाखान्यात व्हायचे होते.

त्या होडीवर काम करताना एका सांध्यावर मी ठप्प वाजलो आणि आल्बन पुढे सरकला. मला वाटले, चुकून झाले असेल. पुढच्या ठोक्यालाही मी ठप्प वाजलो. तो पुन्हा पुढे गेला. तेव्हा मला कळले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. माझ्याकडे जो आवाज होता तो मी देतच होतो आणि तो त्याला ऐकू येत नव्हता.

पडदा बाजूला झाला. आयान्थी पहिल्यांदाच आत आली.

"म्हाताऱ्या, हातोडा ठप्प बोलला. तू पुढे कसा गेलास?"

त्याने मान वळवली नाही. तिने पुन्हा विचारले, मोठ्याने. मग तिने शेंगांचे भांडे खाली ठेवले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या तोंडाकडे पाहून त्याला समजले. तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

"कोणतं? कानाचं की हातोड्याचं?"

"दोन्ही."

त्यानंतर दोघे मिळून काम करू लागले. तो ठोका द्यायचा आणि ती मागे उभी राहून ऐकायची. सांधा भरला की त्याचा डावा खांदा दाबायची. नाही भरला तर हात नुसता ठेवायची. मी खणखणलो की तिची बोटे त्याच्या खांद्यात रुतायची आणि त्याची मूठ माझ्यावर सैल व्हायची. एवढे सुखाचे काम मी पूर्वी केले नव्हते. तरी भीती गेली नाही, वाढली. आता सगळे दोन म्हाताऱ्या जीवांवर उभे होते.

आयान्थीला छातीचा ताप आला. ती गेली. तिथल्या रीतीप्रमाणे घरात प्रार्थनेला माणसे जमली, कॉफी उकळली, गाणी झाली. मी पडद्याआड फळीवर पडून होतो. होडीचा एकच सांधा उरला होता, डाव्या बाजूचा, अगदी तळाशी, कण्याला लागून. सर्वांत जास्त पाणी तिथेच दाबते.

आल्बन परत आला तेव्हा स्टूल बाहेर तसेच होते. त्याने ते हलवले नाही. मला उचलले आणि कामाला लागला. त्याचा हात सवयीने चालत होता. मधल्या एका जागी मी ठप्प वाजलो. तो पुढे गेला. सांधा संपला. आता त्यावर फटी बुजवायची लांबी भरली जाणार, रंग लागणार, आणि मग ती जागा कुणाला दिसणार नव्हती. होडी उतरवायचा दिवस ठरला होता. होडी उतरवताना बळी द्यायचा मेंढा दारात बांधला होता. व्हर्निसने आपले कपडे बांधून ठेवले होते.

लांबीचा गोळा हातात घेऊन आल्बन थांबला. तो खाली ठेवून त्याने मला पुन्हा उचलले आणि सांध्याच्या सुरुवातीपासून ठोके देऊ लागला. प्रत्येक ठोक्यानंतर डावा खांदा थोडा मागे करून तो थांबायचा. खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. हात नाही म्हणजे जागा पोकळ आहे, की फक्त ती नाही, हे त्याला कळेना. त्याची मूठ माझ्यावर आवळली. मला इतका घाबरलेला हात ठाऊक नव्हता.

मग त्याने सुरा घेतला आणि पडद्याच्या दोऱ्या कापल्या. शीड वाळूत पडले. तो कथबर्टच्या दिशेने फार मोठ्याने, बहिऱ्या माणसासारखा ओरडला, "कथबर्ट, इकडे ये."

कथबर्ट आला. पडलेले शीड पाहून म्हणाला, "काय रे, बाळंतीण सुटली का?" आल्बनचे तोंड पाहून त्याने हसू आवरले. मागून व्हर्निसही धावत आली.

आल्बन म्हणाला, "मला ऐकू येत नाही. हिच्या आईला माहीत होतं. आता ऐकायला कुणी नाही. भरलेला सांधा खणखणतो. पोकळ असला की हातोडा ठप्प वाजतो."

कथबर्टने विचारले, "एवढंच?"

ओठ पाहून आल्बनला ते कळले. "एवढंच. बापाने मला मरताना सांगितलं. मी तुला जिवंतपणी सांगतोय. ऐकायला शिकायला मात्र वेळ लागतो."

मला वाटले, आता हा माणूस जुना हिशेब काढेल आणि निघून जाईल. तो वळला खरा, आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "माझी पोरं बादल्या मारत आली तेव्हाही सांगायचं एवढंच होतं." पाठ आल्बनकडे होती, त्यामुळे त्याला ते कळले नाही. व्हर्निसला कळले. तिने मान खाली घातली.

मग कथबर्ट वाळूत गुडघे टेकून बसला आणि फळीला कान लावला. "मार."

आल्बनने आपला डावा खांदा दाखवला. "भरला असेल तर इथे दाब."

मी वाजलो. कथबर्टने खांदा दाबला. पुन्हा वाजलो, पुन्हा दाबला. मधल्या जागी मी ठप्प झालो. कथबर्टने हात उचलला, परत ठेवला, दाबला नाही. "पुन्हा मार," असे त्याने बोटाने खुणावले. मी पुन्हा ठप्प झालो. व्हर्निसने पोटावर हात धरला. आवाज तिलाही कळला होता.

त्यांनी पीळ उपसून काढला. वर कापूस घट्ट होता, मागे वीतभर लांब पोकळी. कथबर्टने नवा पीळ वळला आणि आल्बनने भरला. मी खणखणलो. कथबर्टने खांदा इतक्या जोराने दाबला की आल्बन कळवळला.

"हळू," तो म्हणाला. "ती इतकी जोरात दाबत नव्हती."

ठरल्या दिवशी मेंढा कापला, होडीवर रम शिंपडली, टेकू तोडले आणि गावाने होडी पाण्यात ओढली. ते जुने शीड वाळूत पसरून त्यावर जेवणाची पाने मांडली होती. व्हर्निसची होडी नजरेआड झाली तेव्हा सगळे ढोल वाजवत होते आणि मी भीतीने गोठलो होतो. मुलगी परत आली ती कडेवर बाळ घेऊन. होडीचा तळ कोरडा होता.

आता मी कुणा एकाचा नाही. कथबर्ट मला नेतो, त्याची माणसे नेतात, व्हर्निसही वाजवून पाहते. आल्बन त्या स्टुलावर बसतो. सांधा भरला की जवळ जो असेल तो त्याचा खांदा दाबतो.

मित्रांनो, माझा दांडा आता चिरला आहे आणि लाकडी होड्याही कमी झाल्या आहेत. नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा मी अजून घाबरतो. पण पूर्वी मी एकटा घाबरायचो. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुम्हाला एखादे काम येत असेल, तर ज्याला येत नाही त्याच्या कानावर ते घाला. तुमच्यासाठी ऐकणारे माणूस आज आहे, उद्याचे कुणी सांगावे.