टोपीवरची खूण

"तुमच्या भावाचा मेंदू प्रतिसाद देत नाहीये. उद्यापासून नका येऊ," डॉक्टर फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, आणि शिंपीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ म्हणजे दादा, त्यांच्याहून सहा वर्षांनी थोरला. चाळीस वर्षं तो प्रार्थनागृहात उभा राहून गात गात देवाच्या गोष्टी सांगत आला. ऐकणारी माणसं हसता हसता कधी रडायला लागायची, त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. मग एके सकाळी मेंदूचा झटका आला आणि देवाने दिलेली ती वाणी गप्प झाली.

या दवाखान्यात रोज त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूवर चुंबकाचं वेटोळं धरायचे. उजवा भाग फार दंगा करतो, तो शांत झाला की डाव्या बाजूच्या भाषेला वाव मिळतो, असं सांगितलं होतं. खरंही होतं ते. दोन आठवड्यांत दादा "पाणी" म्हणाला, आणि एकदा बहिणीकडे बघून "चिमणे" म्हणाला. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र काहीच नाही.

"दोन शब्द आले ते काय हवेतून आले?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"आजी, तुम्ही बाहेर बसा ना," मशीन चालवणारी मुलगी म्हणाली.

"मी तुझी आजी नाही. आणि बाहेर तर मुळीच बसणार नाही. ती टोपी दे इकडे."

दादाची ताणाच्या कापडाची टोपी खुंटीवर होती. तिच्यावर शाईच्या दोन खुणा होत्या: एकीवर वेटोळं धरलं की डाव्या हाताचा अंगठा उडायचा, म्हणजे नेम बरोबर; दुसरी उपचाराची. शिंपीणबाईंनी टोपी उलटसुलट केली.

"ही पहिली टोपी नाही."

"पहिली तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच उसवली," मुलगी म्हणाली. "मी नवीवर खुणा उतरवल्या, अगदी मोजून."

"कुठे ठेवून मोजल्यास?"

"टेबलावर."

शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! ताणाचं कापड टेबलावर एक असतं, डोक्यावर दुसरंच. माझ्याकडे शिकायला आलेली पोर पहिल्याच दिवशी ही चूक करते, आणि मी ती शिवण उसवायला लावते. अंगठा तरी उडत होता का?"

रोजच्या कागदावर "अंगठा हलला" या रकान्यात नव्या टोपीच्या दहाही दिवसांपुढे बरोबरची खूण होती, एकाच पेनने, एका ओळीत. मुलगी जमिनीकडे बघू लागली.

"सेंटीमीटरभराने फार फरक पडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग रोज वेटोळं कशाला इतकं नेमकं लावता? नेम तुमचा चुकला, आणि नापास माझा भाऊ? मोजा, आत्ता! नाहीतर वरच्या साहेबांच्या दारात बसते. मला जेवणाची घाई नाही."

डॉक्टरांनी दादाला खुर्चीत बसवलं, टोपी डोक्यावर चढवली. टोपीवरच्या अंगठ्याच्या खुणेवर टक् झालं, अंगठा ढिम्म. वेटोळं बोटभर मागे सरकलं. टक्! अंगठा असा उडाला की दादा स्वतःच दचकला, आणि मग त्याच हाताने त्याने खुर्चीच्या दांड्यावर एक सणसणीत थाप मारली.

डॉक्टरांनी तिथे टोपीवर नवी खूण केली.

"उरलेले पाच दिवस करू," डॉक्टर अखेर म्हणाले.

"वाया गेलेले दहासुद्धा. आणि त्या फाईलमध्ये 'उपयोग नाही' लिहिलंय, त्याच्याखाली लिहा की चूक तुमची होती."

"असं लिहायची पद्धत नाही हो."

"माणूस निकामी ठरवायची आहे का?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. बराच वेळ पेन हातात फिरवून त्यांनी लिहिलं, सही केली. शिंपीणबाईंनी फाईल ओढून भावासमोर धरली आणि मोठ्याने वाचलं: "खूण चुकीच्या जागी होती. दहा दिवसांचे उपचार धरू नयेत. चूक आमची."

दादाने एक बोट वर केलं. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं.

शिंपीणबाईंनी पुन्हा वाचलं, या खेपेला दार उघडं ठेवून.